होडीच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचा मेळ

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदीचे असतात. या काळात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा तो प्रजननाचा हंगाम असतो. गोव्याच्या किनाऱ्यावरील होड्या तेव्हा झावळ्यांच्या आडोशाला विसावतात. त्यांच्या मागील फळीला किंवा कडेला अडकविलेली इंजिने, ज्यांना आपण आऊटबोर्ड मोटर म्हणतो, उतरवून घरात अथवा पडवीत ठेवली जातात. ऑगस्ट उजाडला, नारळी पौर्णिमेचे वेध लागले, की हीच इंजिने पुन्हा होडीवर चढतात. हंगामातील पहिल्या आठवड्यात मेस्त्रींना क्षणाची उसंत नसते.

अशाच एका ऑगस्टमध्ये दक्षिण गोव्यातील एका धक्क्यावर प्रस्तुत लेखक काही माहिती गोळा करण्यासाठी गेला असता, एक होडी दुसऱ्या होडीच्या मागे दोराने ओढत आणली जात होती. तिच्यावर चार माणसे होती. इंजिन किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर एकाएकी जाम झाले होते आणि वारा समुद्राकडे ओढत असताना त्यांनी तीन तास वल्ह्यांवर काढले होते. तांडेल हताशपणे म्हणाला, “काय बिघडले तेच समजत नाही. सकाळी तर इंजिन नेहमीपेक्षा हलके चालत होते. पेट्रोलसुद्धा कमी लागले.”

मेस्त्रींनी इंजिन उघडले. दोन सिलिंडरांपैकी एकातील दट्ट्या भाजून सिलिंडरच्या भिंतीस चिकटला होता. मग त्यांनी त्या सिलिंडरच्या कार्बोरेटरमधून पितळेचा एक बारीकसा तुकडा काढला आणि उजेडाकडे धरला. त्याच्या छिद्रातून उजेड जेमतेम दिसत होता. “तांडेल, पेट्रोल कमी लागले हेच तर दुखणे,” ते म्हणाले. “ते वाचले नव्हते. ते पोहोचतच नव्हते.”

कलाशाखेचा पदवीधर असलेल्या या लेखकास त्या वाक्याचा अर्थ तेव्हा उमगला नाही. तो समजावून घेण्यात पुढे दोन-तीन दिवस गेले. जे समजले ते येथे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. चुलीतील लाकडाला जसा वारा लागतो, तसा पेट्रोलला प्राणवायू लागतो, आणि तो हवेतूनच मिळतो. शिवाय द्रवरूप पेट्रोल स्वतः पेटत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली म्हणजेच ठिणगीने पेट घेते.

या मिश्रणाचे प्रमाण ठरलेले आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे वजनाचे प्रमाण झाले. हवा अतिशय हलकी असल्याने आकारमानाचा हिशेब थक्क करणारा आहे. एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते, म्हणजे २०० लिटरची पंचेचाळीस पिपे भरतील इतकी. टाकीतील पेट्रोल आपण मोजून विकत घेतो. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. इंजिनाला मात्र तो क्षणोक्षणी ठेवावा लागतो.

हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाले तर त्यास दाट मिश्रण म्हणतात. ओल्या लाकडाची चूल धुमसते तसे हे मिश्रण अर्धवट जळते, काळा धूर देते आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते. पेट्रोल कमी झाले तर ते विरळ मिश्रण होय. ते सावकाश जळते, इंजिनास धक्के बसतात आणि सिलिंडर प्रमाणाबाहेर तापतो. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा इंजिनास थोडे दाट, म्हणजे एकास बारा ते तेरा या प्रमाणाचे मिश्रण मानवते. थंड इंजिन सुरू करताना याहूनही दाट लागते, कारण थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थोडक्यात, इंजिनाची गरज वेळोवेळी बदलते आणि ती भागविणारा एक कारभारी त्यास लागतो. तो कारभारी म्हणजे कार्बोरेटर.

कार्बोरेटर कसा चालतो

कार्बोरेटरच्या मुळाशी असलेले तत्त्व पुरातन आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला म्हणजे त्याचा दाब कमी होतो, हे डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. नळी मध्येच अरुंद केली तर तेथे प्रवाहाचा वेग वाढून दाब घटतो, याचा अभ्यास जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केला. अशा अरुंद गळ्यास आजही त्याच्याच नावाने व्हेंचुरी म्हणतात. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली याच तत्त्वावर पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर बनविला. पुढे १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिन्रूड याने होडीला अडकविण्याचे इंजिन बाजारात आणले.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात दाखविता येईल. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक बारीक नळी उभी धरावी, तिचे वरचे टोक पाण्याच्या थोडेसेच वर ठेवावे. दुसरी नळी आडवी धरून तिच्यातून उभ्या नळीच्या तोंडावरून जोराने फुंकर मारावी. उभ्या नळीतून पाणी वर चढते आणि त्याचे बारीक तुषार समोर उडतात. डासांवर औषध मारण्याचा जुना हातपंप याच रीतीने चालतो. कार्बोरेटरमध्ये फुंकर मारण्याचे काम इंजिन स्वतःच्या ओढीने करते, एवढाच फरक.

आता कार्बोरेटरचे भाग पाहू. तळाशी एक लहान वाटी असते. तिच्यात पेट्रोलची पातळी कायम सारखी ठेवावी लागते. घरावरच्या टाकीत पाणी भरले म्हणजे नळ आपोआप बंद करणारा तरंगता चेंडू आपण पाहिलेला असतो. येथेही तसाच एक फ्लोट असतो. तो वर आला की टोकदार सुई पेट्रोलची वाट बंद करते, खाली गेला की उघडते. वाटीच्या वर हवेचा मार्ग असून त्यात तो अरुंद गळा असतो. वाटीतून गळ्यापर्यंत आलेल्या वाटेत पितळेचे नेमक्या मापाचे छिद्र बसविलेले असते. त्यास जेट म्हणतात. गळ्यातील हवेचा दाब घटला म्हणजे वाटीतील पेट्रोलवरचा बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो, आणि ते तुषार होऊन हवेत मिसळते. किती हवेस किती पेट्रोल, हे त्या छिद्राच्या मापावर ठरते. ते माप मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात.

गळ्याच्या अलीकडे व पलीकडे दोन फिरत्या पट्ट्या असतात. इंजिनाकडील पट्टी म्हणजे थ्रॉटल. दांड्याची मूठ पिळली की ती उघडते, अधिक हवा आत जाते आणि तिच्याबरोबर अधिक पेट्रोल ओढले जाते. हवेच्या तोंडाकडील पट्टी म्हणजे चोक. ती बंद केली की हवेची वाट अडते आणि मिश्रण दाट होते. थंड इंजिन सुरू करण्यास हे उपयोगी पडते. इंजिन सुरू झाल्यावर चोक उघडण्यास विसरल्यास ते गुदमरून बंद पडते. इंजिन मंद चालते तेव्हा गळ्यातील ओढ अपुरी असते, म्हणून त्या वेळेसाठी पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. बाहेरून फिरविता येणारा लहान स्क्रू बहुधा याच वाटेचा असतो. तो फिरवून पूर्ण वेगाच्या पेट्रोलमध्ये बचत होते ही समजूत चुकीची आहे.

तेल आणि पेट्रोल एकाच वाटेने

होडीवरील जुन्या धर्तीची बहुतेक इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची आहेत. मोटारगाडीच्या इंजिनाहून त्यांची रीत निराळी असते, आणि तांडेलाच्या दुर्दैवाचे मूळही याच रीतीत आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात कार्बोरेटरमधून निघालेले मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. दट्ट्या वर जाताना त्याच्या खालील पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ निर्माण होते. पातळ पोलादी पट्ट्यांची एकमार्गी झडप उघडते आणि मिश्रण आधी या पेटीत येते. ठिणगी पडून दट्ट्या खाली आला की झडप मिटते, पेटीतील मिश्रण दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये शिरून जळालेला वायू बाहेर ढकलते. मिनिटास ५,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हा सर्व प्रकार सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा घडतो.

मिश्रणच पेटीतून जात असल्याने मोटारगाडीप्रमाणे तेथे वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. काही इंजिने ते वेगळ्या टाकीतून घेऊन स्वतः मिसळतात. अनेक इंजिनांचे प्रमाण पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल, असे असते. काही जुन्या इंजिनांना याच्या दुप्पट तेल लागते. आपल्या इंजिनाचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेतच पाहावे. पेट्रोलची वाफ होऊन जाते, तेलाचे सूक्ष्म थेंब मागे राहतात आणि बेअरिंग, दट्ट्या व सिलिंडरच्या भिंती यांना वंगण पुरवितात.

आता मेस्त्रींच्या वाक्याचा उलगडा होतो. बंदीच्या दोन महिन्यांत कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून गेले होते आणि त्याचा डिंकासारखा चिकट साका जेटच्या छिद्रात बसला होता. छिद्र अरुंद झाले, पेट्रोल कमी येऊ लागले, मिश्रण विरळ झाले. पेट्रोलची वाफ होताना दट्ट्यास जो थंडावा मिळतो तो घटला आणि उष्णता वाढली. त्याच वेळी पेट्रोलबरोबर येणारे तेलही तितकेच घटले. अधिक तापणाऱ्या दट्ट्यास नेमके कमी वंगण मिळाले आणि तो चिकटला. टाकीत तेलाचे प्रमाण अचूक होते. तांडेलाने त्यात कसूर केली नव्हती. परंतु टाकीतील तेल जेटच्या अलीकडेच राहिले. म्हणून टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा खर्च आपोआप कमी झाला तर त्याचा आनंद न मानता शोध घ्यावा.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

मिश्रण विरळ होण्याचा दोष प्रत्येक वेळी जेटमध्येच असतो असे नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल निघून गेलेल्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ निर्माण होते आणि थोड्या वेळाने इंजिन दम सोडते. रबरी नळीतील हाताने दाबण्याचा फुगा अशा वेळी चपटा झालेला दिसतो. या फुग्यात दोन एकमार्गी झडपा असतात. त्यावरील बाण इंजिनाकडे असला पाहिजे. पुढे इंजिनावरील लहान पंपाचा पातळ पडदा क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि पेट्रोल ओढतो. पडदा फाटला, नळीस चीर गेली, जोडणी सैल राहिली, तर पेट्रोलबरोबर हवाही ओढली जाते.

यावर एक सोपी परीक्षा आहे. चालते इंजिन मंदावू लागल्यास रबरी फुगा हाताने दाबून पाहावा. त्यामुळे इंजिन सावरले, तर दोष पेट्रोल पोहोचविणाऱ्या वाटेत आहे असे समजावे आणि वेग कमी करून किनारा गाठावा.

रॉकेल, इथेनॉल आणि पाणी

कर्नाटक व केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी इंजिने मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहेत. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ होण्यास साधारणतः ३५ अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते, तर पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते. म्हणून अशी इंजिने आधी पेट्रोलवर सुरू करतात आणि तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणतात, जेणेकरून पुढच्या वेळी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तयार असावे. त्यांच्या सिलिंडरमधील दाबही मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पेट्रोलसाठी बनविलेल्या इंजिनात स्वस्ताईसाठी रॉकेल मिसळणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. रॉकेल नीट वाफ न होता आत साचते, आणि तापलेल्या सिलिंडरमध्ये अवेळी पेटून दट्ट्यावर ठोके देते.

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असल्याने त्यास जळण्यास हवा कमी लागते: एका किलोस सुमारे ९ किलो. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या इंधनास एकास सुमारे साडेतेरा इतकीच हवा पुरते. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच प्रमाणात हवा व इंधन देत राहतो, आणि परिणामी मिश्रण थोडे विरळ होते. दुसरे असे, की इथेनॉल पाणी शोषून घेते. किनाऱ्यावरील दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने ठेवली, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे बसू शकतात, आणि इंजिन पेट्रोल तळातूनच घेते. जुन्या रबरी नळ्या व पडदेही इथेनॉलने लवकर खराब होतात. यास्तव जुने इंजिन असणाऱ्यांनी आपल्या इंजिनास कोणते इंधन चालते हे पुस्तिकेवरून अथवा विक्रेत्याकडून जाणून घ्यावे, ताजे इंधन बेताने घ्यावे आणि नळ्या वेळीच बदलाव्यात.

नवी इंजिने

टू-स्ट्रोक पद्धतीत एक जन्मजात दोष आहे. ताजे मिश्रण जळालेल्या वायूस बाहेर ढकलत असता त्याचा काही भाग न जळताच त्याच्याबरोबर निसटतो. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनात हा भाग इंधनाच्या चतुर्थांशापर्यंत किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकतो. पाण्यावर पसरणारा इंद्रधनुष्यी तवंग आपण पाहतो, त्यात हे न जळलेले पेट्रोल व तेल असते. मच्छीमाराचा पैसा आणि माशांचे पाणी, दोहोंची ती हानी आहे. याच कारणाने अमेरिकेने १९९६ साली अशा इंजिनांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम केले, आणि जगभरातील कारखाने फोर-स्ट्रोक इंजिनांकडे वळले.

फोर-स्ट्रोक इंजिनात वायू बाहेर टाकणे व मिश्रण आत घेणे ही कामे वेगवेगळ्या फेरीत होतात. तेल तळाशी स्वतंत्र साठविलेले असते, ते पेट्रोलमध्ये मिसळावयाचे नसते. मोठ्या इंजिनांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची योजना असते. हवेचा दाब, तापमान व इंजिनाचा वेग मोजून एक विद्युत यंत्रणा प्रत्येक वेळी किती पेट्रोल फवारावे हे ठरविते. अशी इंजिने पेट्रोल कमी खातात, परंतु त्यांची किंमत व वजन अधिक असते आणि दुरुस्तीस जाणकार लागतो. इंजेक्शनची छिद्रे जेटहून बारीक असल्याने इंधन स्वच्छ ठेवण्याची गरज तर अधिकच वाढते.

हंगामापूर्वी एवढे करावे

बंदीच्या आरंभी इंजिन उतरविताना ते गोड्या पाण्याने आतून धुवावे आणि कार्बोरेटरच्या वाटीचा तळातील स्क्रू काढून पेट्रोल भांड्यात रिकामे करावे. जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. हंगामाच्या आरंभी टाकी, गाळणी व नळी साफ करावी, आणि जेट मेस्त्रींकडून धुऊन घ्यावा. तो तारेने कोरू नये, कारण छिद्र अंशमात्र मोठे झाले तरी माप बिघडते. स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काजळीने काळे असेल तर दाट, पांढरेफटक असेल तर विरळ समजावे. दोन सिलिंडर असल्यास दोन्ही प्लगांचे रंग सारखे आहेत की नाही हेही पाहावे.

आणखी एक इशारा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते, दिसत नाही आणि एका विडीच्या ठिणगीने भडकते. पेट्रोल भरताना व नळी जोडताना विस्तव जवळ नसावा. सुटी टाकी होडीबाहेर काढूनच भरावी.

धक्क्यावरील त्या होडीचे इंजिन दुरुस्त होण्यास वीस दिवस लागले. नव्या हंगामाचे ते वीस दिवस चार घरांच्या कमाईचे होते. निघताना लेखकाने तो पितळी जेट पाहावयास मागितला. मेस्त्रींनी तो पेट्रोलमध्ये धुतला, फुंकला आणि तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि त्याचे छिद्र आता उजेडात स्वच्छ दिसत होते. तांडेलाने तो उचलून डोळ्याशी धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “मेस्त्री, पुढच्या बंदीला वाटी रिकामी करायला मला शिकवा.”